शेजारच्या शाळेची साथ: खर्च किती, पैसा कुठून?

सालेकसा-देवरीकडच्या दोनशिक्षकी शाळेत मुलं वाचनात मागे पडली की पालक शिकवणी शोधतात, नाहीतर खासगी शाळा. दोन्हींचा खर्च दरमहा. त्याआधी स्वस्त उपाय करून पाहा: जवळच्या चांगल्या चालणाऱ्या जिल्हा परिषद शाळेशी आपल्या शाळेची जोडी, म्हणजे दोन्हींकडच्या शिक्षकांनी एकमेकांच्या शाळेत जाऊन वाचन शिकवण्याची पद्धत दाखवणं आणि पाहणं. साधारण दहा शाळांमागे एक केंद्रशाळा आणि केंद्रप्रमुख ही रचना राज्यात १९९४ पासून आहे, त्यामुळे नवं काही उभारावं लागत नाही.

पालकांना खर्च: शून्य. शिक्षण हक्क कायद्याने सरकारी शाळेत पहिली ते आठवीचं शिक्षण मोफत आहे. लोकवर्गणी ऐच्छिक असते. दिली तर पावती घ्या.

साहित्य: गोष्टींची पुस्तकं, वाचनकार्डं, गणितपेटी. यासाठी समग्र शिक्षाचं संयुक्त शाळा अनुदान आहे. त्याचा वार्षिक निकष पटावर ठरतो:
- ३० पर्यंत: १०,००० रुपये
- ३१ ते १००: २५,००० रुपये
- १०१ ते २५०: ५०,००० रुपये

यातला किमान १० टक्के भाग स्वच्छतेसाठी असतो. वीजबिल आणि किरकोळ दुरुस्तीही यातूनच होते, म्हणून उरलेल्या रकमेचा हिशेब आधी विचारा.

प्रवास: शाळा दहा किलोमीटरवर असेल, तर शिक्षकाच्या दुचाकीला एका फेरीत अर्धा लिटरही पेट्रोल लागत नाही. मुलांना न्यायचं तर गाडीभाडं भरावं लागतं, शिवाय पोषण आहाराची सोय आलीच. म्हणून मुलं नेण्यापेक्षा शिक्षक बोलवा. पेट्रोलखर्चासाठी ग्रामपंचायतीशी तिचा विकास आराखडा ठरण्याआधीच बोला.

न दिसणारा खर्च: दोनपैकी एक शिक्षक बाहेर गेला की सगळे वर्ग दुसऱ्यावर येतात. फेरीचा वार आणि त्या दिवशीची व्यवस्था केंद्रप्रमुखांकडून लेखी ठरवून घ्या.

सुरुवात कशी करावी?
१. शाळा व्यवस्थापन समितीत ठराव मांडा. समितीत तीन-चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या महिला असायला हव्यात. रोवणीच्या दिवसांत बैठक संध्याकाळी ठेवा.
२. ठराव शाळा विकास आराखड्यात नोंदवून प्रत केंद्रप्रमुखांना व गटशिक्षणाधिकाऱ्यांना द्या.
३. पहिल्याच आठवड्यात प्रत्येक मुलाला एक परिच्छेद वाचायला लावून नोंद ठेवा.

तीन महिन्यांनी तीच तपासणी करा. फरक दिसला नाही, तर जोडी किंवा पद्धत बदला.