श्लेष, काकु आणि बुद्धिबळाचा पट

१

बुद्धिबळ हा मौनाचा खेळ आहे, अशी सर्वसाधारण समजूत आहे. स्पर्धेच्या दालनात खेळाडूंनी परस्परांशी बोलू नये, बरोबरीचा प्रस्ताव मांडण्यासारख्या मोजक्याच प्रसंगी तोंड उघडावे, असा दंडकही आहे. परंतु स्पर्धेचे दालन सोडून आपण ओसरीवरच्या, कट्ट्यावरच्या किंवा आजच्या संगणकाच्या पडद्यावरच्या पटाकडे वळलो, की ही समजूत टिकत नाही. तेथे खेळीला जोडून उक्ती येते. उक्तीत थट्टा असते, थट्टेतून स्नेह जुळतो आणि त्याच थट्टेतून कलहही उद्भवतो. स्नेह आणि कलह यांच्यामधील ही सीमारेषा कोणत्या भाषिक व्यापारावर अवलंबून असते, एवढ्याच प्रश्नाचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. त्यासाठी साक्षीला घ्यावयाचा आहे तो गेल्या तीन दशकांत इंटरनेटवर आकाराला आलेला बुद्धिबळ खेळणाऱ्यांचा समाज; आणि विचाराची साधने घ्यावयाची आहेत ती आपल्याच साहित्यशास्त्रातील.

ही सांगड केवळ सोयीची नाही. बुद्धिबळ, शब्दश्लेष आणि कलह यांचे साहचर्य आपल्या वाङ्मयात फार जुने आहे. सातव्या शतकातील बाणभट्टाने ‘हर्षचरिता’त हर्षाच्या राज्यातील सुव्यवस्थेचे वर्णन करताना श्लेषाची एक मालिकाच गुंफली आहे. या राज्यात कलह करतात ते केवळ भुंगे. पाद तुटतात ते केवळ वृत्तांतील. आणि चतुरंगाची कल्पना घडते ती केवळ अष्टापदावर, म्हणजे चौसष्ट घरांच्या पटावर, असा त्याचा आशय. ‘कल्पना’ या शब्दाचे मांडणी आणि छेदन असे दोन्ही अर्थ होतात. त्यामुळे हातपाय तोडण्याची शिक्षा या राज्यात उरलेली नाही, हा दुसरा अर्थही त्यातून निघतो. चतुरंगाच्या अगदी प्राचीन उल्लेखांत या स्थळाची गणना होते, आणि हा उल्लेख श्लेषरूपाने व्हावा, तोही कलहाच्या सान्निध्यात, ही गोष्ट अभ्यासकाने ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

२

नवव्या शतकातील काश्मीरचा आलंकारिक रुद्रट याच्या ‘काव्यालंकारा’त हे साहचर्य शास्त्राच्या पातळीवर येते. ग्रंथाच्या पाचव्या अध्यायात चित्रकाव्याचे विवेचन करताना त्याने तुरगपदाचे उदाहरण दिले आहे. श्लोकाची अक्षरे अर्ध्या पटाच्या बत्तीस घरांत मांडून सरळ वाचली काय किंवा घोड्याच्या अडीच घरांच्या चालीने वाचली काय, श्लोक तोच निघतो. याच ग्रंथाच्या दुसऱ्या अध्यायात रुद्रटाने वक्रोक्तीचे लक्षण केले असून तिचे दोन प्रकार मानले आहेत. बोलणाऱ्याच्या शब्दांतून ऐकणाऱ्याने बुद्ध्याच निराळा अर्थ काढून उत्तर देणे ही श्लेषवक्रोक्ती. आणि स्वराच्या विशिष्ट हेलकाव्याने शब्दांचा अर्थ पालटणे ही काकुवक्रोक्ती. श्लेषवक्रोक्तीचे त्याचे उदाहरण शिव आणि गौरी यांच्या प्रेमकलहाचे आहे. शिवाने घातलेली सादच गौरी अशा रीतीने फोडते, की ‘मी गाय आहे काय?’ असा प्रश्न उभा राहतो. राग खरा असतो. पण तो शब्दांच्या खेळात उतरल्यामुळे नाते तुटत नाही.

रुद्रटाच्या या विभागणीला पुढे राजशेखराने ‘काव्यमीमांसे’त हरकत घेतली. काकु हा पठणाचा धर्म आहे, तो अभिप्राय व्यक्त करतो खरा, परंतु त्याला अलंकार कसे म्हणावे, असा त्याचा आक्षेप आहे. श्लेष शब्दात वसतो, काकु कंठात वसतो, असा या आक्षेपाचा इत्यर्थ सांगता येईल. मम्मटासारख्या पुढच्या आलंकारिकाने वक्रोक्तीचे हे दोन्ही भेद कायम ठेवले आणि वाद तेथेच राहिला. ज्या काळी काव्य मुख्यतः ऐकले जात होते, त्या काळी हा वाद काहीसा तात्त्विकच होता. कंठ पूर्णपणे वगळला गेला आणि तरीही संवाद समोरासमोरच्या गप्पांच्या वेगाने चालू राहिला, तर काय होईल, हे पाहण्याची सोय त्या शास्त्रकारांना नव्हती. ती सोय आज उपलब्ध झाली आहे.

३

१९९२ मध्ये ‘इंटरनेट चेस सर्व्हर’ सुरू झाला. दूरदूरचे खेळाडू एकाच वेळी त्यावर येऊन खेळू लागले आणि खेळता खेळता टंकलिखित वाक्यांनी बोलू लागले. या व्यवस्थेत बोलण्याचे प्रकार ठरलेले होते. ‘शाउट’ केलेले वाक्य सर्वांना दिसे. ‘टेल’ एकाच व्यक्तीला. ‘किबिट्झ’ केलेली टिप्पणी खेळाडू आणि प्रेक्षक या दोघांनाही दिसे. तर ‘व्हिस्पर’ केलेली टिप्पणी खेळाडूंना टाळून केवळ त्या डावाच्या प्रेक्षकांपर्यंत पोहोचे. ‘किबिट्झ’ हा मूळचा यिद्दिश शब्द. न विचारता सल्ला देणाऱ्या बघ्याशी त्याचा संबंध आहे. नाट्यशास्त्राच्या अभ्यासकाला येथे प्रकाश, अपवारित आणि जनान्तिक या संकेतांची आठवण झाल्यावाचून राहणार नाही. रंगभूमीवर जे हाताच्या मुद्रेने सुचवावे लागे, ते येथे आज्ञेच्या एका शब्दाने साधले.

या समाजातील पहिला मोठा कलहही नोंदण्यासारखा आहे. १९९५ मध्ये हा सर्व्हर ‘इंटरनेट चेस क्लब’ या नावाने वर्गणी घेऊ लागला, तेव्हा ते मान्य नसलेल्या काही सदस्यांनी त्याच वर्षी ‘फ्री इंटरनेट चेस सर्व्हर’ उभारला. इंग्रजी ‘फ्री’ या शब्दात विनामूल्य आणि मुक्त हे दोन्ही अर्थ नांदतात. भांडणातून जन्मलेल्या संस्थेला मिळालेले नावही असे द्व्यर्थी ठरले.

बुद्धिबळाची परिभाषा श्लेषाला मुळातच अनुकूल आहे. मराठीत ‘चाल’ म्हणजे खेळी, गाण्याची चाल, वागणूक, शत्रूवरील चढाई आणि कपटही. पटावरच्या चौकोनाला आपण ‘घर’ म्हणतो आणि खेळाला ‘डाव’. दोन्ही शब्द संसाराला जितके लागू, तितकेच पटाला. ‘अलीकडे तुमची चाल काही ठीक दिसत नाही’ हे वाक्य खेळाडूला, गायकाला आणि घसरू लागलेल्या गृहस्थाला सारख्याच निर्धास्तपणे ऐकवता येते. इंग्रजीतला योगायोग तर याहून बोलका आहे. ‘चेकमेट’मधील ‘मेट’ हा फारसी-अरबी ‘मात’चा वंशज, मित्र या अर्थाचा ‘मेट’ जर्मानिक कुळातला, मूळचा सहभोजी. दोन कुळांतील हे दोन शब्द एका उच्चारात येऊन मिळाले, आणि मात देणारा व मित्र यांना इंग्रजीत एकच नाव मिळाले.

भारतीय भाषा एकमेकींसमोर आल्या म्हणजे हा श्लेष आपोआपच उत्पन्न होतो. मराठीतला हत्ती पटाच्या कोपऱ्यात उभा असतो व सरळ रेषेत चालतो. तिरपा चालतो तो उंट. मलयाळममध्ये तिरपे चालणाऱ्या मोहऱ्यालाच ‘आन’ म्हणजे हत्ती म्हणतात आणि कोपऱ्यात ‘तेर्’ म्हणजे रथ असतो. बंगालीत कोपऱ्यात ‘नौका’ असते आणि ‘गज’ तिरपा जातो. म्हणजे नाशिक, कोळिकोड आणि कोलकाता येथील तिघे जण एकाच पटाभोवती जमले, तर हत्ती मेला या वार्तेचे दोन अर्थ होतील. शिवाय कोपऱ्यातले मोहरे हत्ती, रथ की नौका, हा वाद निराळाच. असा वाद लटका असतो, म्हणूनच तो स्नेहवर्धक असतो. त्यात हरण्यासारखे काही नसते आणि दुसऱ्याच्या भाषेचे ज्ञान मात्र पदरात पडते.

४

श्लेष लिपीत टिकतो. काकु टिकत नाही. ‘वा, काय खेळलात!’ हे वाक्य समोरासमोर उच्चारले, तर त्यात कौतुक आहे की उपरोध, हे स्वर सांगतो. तेच वाक्य हरलेल्या खेळाडूच्या पडद्यावर उमटले, की अर्थ ठरविण्याचे काम वाचणाऱ्याच्या मनःस्थितीकडे जाते, आणि हरलेल्याची मनःस्थिती काय असते हे सांगावयास नको. डाव संपल्यावर सौजन्य म्हणून लिहिले जाणारे ‘गुड गेम’ हे दोन शब्दही अशाच रीतीने अपमानकारक वाटू शकतात. हसऱ्या मुद्रेची चिन्हे जोडण्याची प्रथा म्हणजे हरवलेल्या काकुला पर्याय शोधण्याचाच एक प्रयत्न होय.

याउलट श्लेष खेळीतसुद्धा उतरू शकतो. मार्च २०२१ मध्ये एका ऑनलाइन स्पर्धेत मॅग्नस कार्लसनने दुसऱ्याच खेळीला राजा एक घर पुढे सरकवला. ‘बाँगक्लाउड’ या थट्टेच्या नावाने ओळखली जाणारी ही चाल शास्त्रदृष्ट्या अगदी वाईट. परंतु प्रतिस्पर्धी हिकारू नाकामुरा यानेच ती लोकप्रिय केली होती. त्यानेही आपला राजा तसाच पुढे आणला, आणि त्याच त्या खेळ्यांची पुनरावृत्ती करून सहा खेळ्यांत डाव बरोबरीत सुटला. वाच्यार्थाने ती घोडचूक होती, दुसऱ्या अर्थाने ते अभिवादन होते. प्रतिस्पर्ध्याने दुसरा अर्थ उचलून त्याच शब्दांत उत्तर दिले. ही शुद्ध श्लेषवक्रोक्ती होय. काहींनी हा खेळाचा अवमान मानला. त्यांनी केवळ वाच्यार्थ वाचला, एवढेच म्हणता येईल.

काकुवर विसंबलेल्या उक्तीचे काय होते, याचे उदाहरण सप्टेंबर २०२२ मधले आहे. सेंट लुईस येथील सिंकफील्ड चषक स्पर्धेत हान्स नीमनकडून हरल्यावर कार्लसनने स्पर्धेतून माघार घेतली. माघार जाहीर करताना त्याने कारण सांगितले नाही. आपण बोललो तर संकटात सापडू, असे म्हणणाऱ्या एका फुटबॉल प्रशिक्षकाची चित्रफीत मात्र जोडली. अभिप्राय स्वतःचा आणि स्वर उसना, अशी ही रचना होती. दोन आठवड्यांनी एका ऑनलाइन स्पर्धेत नीमनविरुद्ध एकच खेळी करून त्याने डाव सोडला. वक्रोक्तीने उत्तर द्यावयाचे, तर आधी उक्ती असावी लागते. येथे उक्तीच नव्हती; त्यामुळे प्रतिपक्षाला फिरवण्यासाठी शब्दच मिळाला नाही, आणि रिकाम्या जागेत जगभरच्या प्रेक्षकांनी आपापले अर्थ भरले. कार्लसनने लेखी निवेदन करून अप्रामाणिकपणाचा संशय उघडपणे मांडला, तो महिनाअखेरीस. नीमनने त्याच वर्षी न्यायालयात दावा लावला, आणि ऑगस्ट २०२३ मध्ये उभय पक्षांनी वाद मिटल्याचे जाहीर केले.

विश्वास तुटल्यावर तो सावरणारी भाषा कोणती, याचेही एक भारतीय उदाहरण आहे. १३ जून २०२१ रोजी विश्वनाथन आनंद मदतनिधीसाठी अनेक नामवंतांशी ऑनलाइन डाव खेळले आणि त्यांतील एका उद्योजकाने त्यांना हरविले. संगणकाची व जाणकारांची मदत घेतल्याची कबुली देऊन त्याने दुसऱ्याच दिवशी क्षमा मागितली. मात्र आपण खरोखर आनंदना हरवले असे लोकांना वाटावे हेच हास्यास्पद आहे, असा विनोदी सूरही त्याने लावला. आनंद यांचे उत्तर दोन-तीन वाक्यांचेच होते. पटावर जी स्थिती होती तिला अनुसरून आपण खेळलो आणि इतरांकडूनही तीच अपेक्षा होती, असा त्याचा आशय. त्यात श्लेष नाही, काकुला वाव नाही; आहे ती केवळ अभिधा. पुन्हा थट्टा करता यावी, यासाठी आधी एकदा सरळ बोलावे लागते, हे त्यांनी जाणले होते.

५

या उदाहरणांवरून रुद्रट आणि राजशेखर यांच्या वादासंबंधी एक निष्कर्ष काढता येईल. श्लेषवक्रोक्ती कंठाविना जगते, भाषांतराच्या सीमेवर ती अधिकच फुलते, आणि अनोळखी माणसांना परस्परांचे सोबती करते. काकुवक्रोक्ती कंठ गेला की निराधार होते. तिचा अभिप्राय शिल्लक राहतो, परंतु तो ओळखण्याची खूण नाहीशी होते. तेव्हा काकु हा शब्दाचा अलंकार नसून पठणाचा धर्म आहे, हा राजशेखराचा आक्षेप या आधुनिक साक्षीने बळकट होतो. ऑनलाइन खेळणाऱ्यांच्या कोट्या हा पोरखेळ मानून सोडून देण्याचा मोह अभ्यासकाने आवरावा, एवढेच येथे सुचवावयाचे आहे. समोरच्याला मात द्यावयाची आणि तरीही उद्या त्याने आपल्याशीच डाव मांडावा अशी इच्छा धरावयाची, हे अवघड काम त्या कोट्यांनी पत्करलेले असते.