खुराड्याची जागा

परसात चार कोंबड्या पाळणे हा पोरखेळ आहे असे मानणारे पुष्कळ भेटतात, आणि ज्यांनी एक पावसाळाही कोंबडी सांभाळलेली नाही त्यांचीच या विषयावरील मते सर्वांत ठाम असतात. अशाच एका ठाम मताचे फळ मी गेल्या आषाढात भोगले, म्हणून ही कैफियत.

खुराड्यासाठी मी जबलपूरजवळच्या बरगीतील आमच्या परसाच्या उत्तरेचा उंचवटा नेमून दिला होता, चुन्याने रेघा मारून हद्दही आखून दिली होती. मात्र ती जागा पूर्वेकडील शेजारी गृहस्थांच्या खिडकीतून दिसत असे. मी लग्नकार्यासाठी नागपुरास गेलो असता या गृहस्थांनी मिस्त्रीला बोलावून, कुंपणालगतच्या दक्षिणेकडील सखल कोपऱ्यात भिंतीचा आयता आधार मिळेल आणि एका बाजूच्या विटा वाचतील, असे पटवले. परतलो तेव्हा जोते नावालाच धरलेले खुराडे पत्र्यासकट उभे होते. मी हरकत घेतली, तेव्हा शेजारी हसून म्हणाले, "भाईसाहब, मुर्गी को क्या, कहीं भी रह लेगी." ज्या बरगीत नर्मदा अडवायला पाच किलोमीटरहून अधिक लांबीचे धरण बांधताना पाण्याच्या थेंबाथेंबाचा हिशेब मांडला गेला, त्याच बरगीत परसातले पाणी कोठे साचते याची विचारपूस करण्याची गरज मिस्त्रीला भासली नाही!

हिवाळा आणि उन्हाळा सुरळीत गेला. जबलपूरच्या पशुवैद्यक विद्यापीठाने कडकनाथ आणि 'जबलपूर कलर' यांच्या संकरातून सिद्ध केलेल्या नर्मदानिधी जातीच्या तलंगा मी आणल्या होत्या. त्या अंड्यावर आल्या, आणि शेजारच्या गृहस्थांनीही अंडी आनंदाने स्वीकारली. पाऊस लागला तसे चित्र पालटले. एके सकाळी दार उघडताच आतल्या उग्र वाफेने डोळ्यांतून पाणी आले; कोंबड्या खाली उतरायलाच तयार नव्हत्या, साऱ्या एकाच दांडीवर अंग चोरून दाटीने बसल्या होत्या, आणि एकीच्या पायाच्या बोटांना चिखल व विष्ठेचे सुपारीएवढे टणक गोळे चिकटले होते. खाली अंथरलेले भाताचे तूस मुठीत दाबले तर त्याचा लाडूसारखा गोळा वळला. कोरड्या तुसात विष्ठा निमूटपणे वाळते. तीच ओली झाली की जंतू तिच्यातील युरिक आम्लाचा अमोनिया करतात, आणि रक्ती हगवणीच्या जंतूंनाही अशी ऊब आणि ओल मानवते. ती हगवण लागलीच, आणि काही तलंगा गेल्या.

यानंतर जे घडले त्याने माझा संताप अद्याप शमलेला नाही. ज्यांनी जागा बदलवली, त्याच गृहस्थांनी ग्रामपंचायतीत दुर्गंधीचा लेखी अर्ज दाखल केला! पंच पाहणीस आले तेव्हा ते नाकाला रुमाल लावून उभे होते, आणि जागा कोणी सुचवली असे मी विचारताच त्यांनी मिस्त्रीकडे आणि मिस्त्रीने आभाळाकडे पाहिले. पावसाळ्यातला आमच्याकडचा वारा बहुधा नैर्ऋत्येचा असतो. उंचवट्यावरचा वास त्यांच्या घराला वळसा घालून शेतांकडे गेला असता, तर सखल कोपऱ्यातला सरळ त्यांच्या माजघरात शिरत होता, इतका साधा हिशेब त्यांना खुलासा करून सांगावा लागला.

ज्यांना खुराडे बांधावयाचे आहे त्यांनी परसात प्रथम लव्हाळा कोठे माजतो ते पाहावे, कारण तेथे ओल टिकते. काळ्या चिकण जमिनीत दीड-दोन फुटांचे जोते हवेच. ही माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि भेगांतून उंदीर व मुंगूस आत येण्याची वाट पाहतात, म्हणून जाळी फूटभर जमिनीत गाडावी. लांबट बाजू पूर्व-पश्चिम ठेवावी, म्हणजे जबलपूरकडच्या वैशाखातले उतरते ऊन भिंतभर अंगावर येत नाही. पश्चिमेला कडुनिंब असेल तर उत्तम, पण दाट आंब्याखाली बांधू नये, तिथली ओल लवकर सुकत नाही. वळचण तीन फूट तरी पुढे काढावी. एका कोंबडीस दोन-अडीच चौरस फूट जागा द्यावी. विहिरीजवळ खुराडे नको, आणि स्वच्छता, ताजे पाणी, राणीखेत रोगाची लस यांविषयी काही सांगण्याची आवश्यकता नसावी. कोंबडा ठेवणार असाल तर निजण्याच्या खोलीपासून दूर. शेजाऱ्याची संमती मात्र तोंडी घेऊ नये, कागदावर घ्यावी, आणि काम चालू असता गाव सोडू नये, मग लग्न सख्ख्या भाच्याचे का असेना.

खुराडे आता उंचवट्यावर, मूळ रेघांच्या आत उभे आहे, आणि ते खिडकीतून स्पष्ट दिसते. खिडकी उघडावी की मिटावी, हा त्या गृहस्थांचा प्रश्न आहे. नव्याने बांधणाऱ्यांना माझी विनंती एवढीच, की मिस्त्री कितीही घाई करो, एक आषाढ थांबा, पाणी कोठे साचते ते स्वतः पाहा आणि मगच जोत्याचा दगड ठेवा.