डोंगरावरचे गाव : गालिचनिक

गाव मोठे की लहान हे कसे ठरवायचे? घरे मोजून की माणसे मोजून? आज आपण एका दूरच्या गावाची माहिती वाचू. वाचून झाल्यावर तुम्हीच उत्तर द्या.

युरोप खंडाच्या आग्नेय भागाला बाल्कन म्हणतात. हा सारा डोंगराळ मुलूख. तिथे उत्तर मॅसिडोनिया नावाचा लहानसा देश आहे. १९९१ सालापर्यंत तो युगोस्लाव्हिया देशाचा एक भाग होता. या देशाच्या पश्चिमेला, अल्बानियाच्या सरहद्दीजवळ, बिस्त्रा नावाचा डोंगर आहे. त्याच्या उतारावर गालिचनिक गाव आहे.

गावाची उंची सुमारे १,४०० मीटर. आपले महाबळेश्वरही जवळजवळ तेवढेच उंच. पण तिथली थंडी फार कडक. हिवाळ्यात बर्फ पडून वाटा बंद होतात. दगडी घरे उतारावर पायऱ्यांसारखी एकावर एक उभी आहेत. शेतीला सपाट जमीन थोडी, पण उन्हाळ्यात गवत भरपूर. म्हणून मेंढरे हेच गावाचे धन होते. मेंढीच्या दुधाचे तिथले चीज नावाजलेले आहे.

थंडी आली की मेंढपाळ कळप घेऊन दक्षिणेला, समुद्राजवळच्या उबदार सपाटीवर जात. त्या काळी हा सगळा मुलूख तुर्की सुलतानाच्या राज्यात होता, म्हणून वाट मोकळी होती. १९१२-१३ साली लढाया झाल्या. राज्य मोडले आणि मध्ये नव्या सरहद्दी आल्या. जुन्या वाटा तुटल्या. पुढे कळपही घटत गेले.

नुसत्या मेंढरांवर सगळ्यांचे पोट भरत नसे. गावात गवंडी आणि लाकडावर नक्षी कोरणारे कारागीर होते. पुरुष कामासाठी परमुलखात जात आणि महिनोन् महिने तिकडेच राहत. अशा मजुरीला तिथे 'पेचाल्बा' म्हणतात. मागे घरदार, म्हातारी माणसे आणि पोरेबाळे बायकाच सांभाळीत.

हे पुरुष उन्हाळ्यात, १२ जुलैच्या संत पीटरच्या सणाला घरी येत. म्हणून गावातली लग्ने त्याच सुमारास लागत. एकाच सणात कितीतरी जोडप्यांची लग्ने! सनईसारखे वाद्य वाजे, मोठा ढोल घुमे. पुरुष एकमेकांना धरून एक नाच करीत. त्याचे नाव 'तेश्कोतो', म्हणजे 'जड'. पाऊल सावकाश पडे. घर सोडून जाण्याचे दुःखच त्या पावलात असे.

पुढे पुरुषांच्या मागोमाग कुटुंबेही शहरात राहायला गेली. परमुलखातल्या कमाईने बांधलेली घरे मागे राहिली. २००२ साली खानेसुमारी झाली, तेव्हा या गावात राहणारी माणसे भरली अवघी ३!

मग बाकीचे लोक कुठे गेले? ते मेले नाहीत की हरवले नाहीत. खानेसुमारीत माणूस जिथे राहतो तिथे मोजला जातो. ही मंडळी शहरात मोजली गेली. पण गावाची ओढ सुटलेली नाही. उन्हाळ्यात कुलपे निघतात. दरवर्षी जुलै महिन्यात एका जोडप्याचे लग्न जुन्या रीतीने लागते. ते पाहायला खूप लोक जमतात.

आम्ही शाळेत भूगोल शिकवीत असू, तेव्हा मुलांकडून गावांचे आकडे पाठ करून घेत असू. आता वाटते, आकडा सांगून थांबू नये. माणसे का आली आणि का गेली, तेही विचारावे. पैसा आला की घर उभे राहते. पण गाव नांदते ते घरात रोज चूल पेटते तेव्हाच.

प्रश्न
१. गालिचनिकचे पुरुष परमुलखात का जात?
२. लग्ने एकाच सणाला का होत?
३. आपल्या आळीत घरे किती? त्यांपैकी बंद किती? मोजून वहीत लिहा.