काढण्याआधी बघ

नागपूर

चि. बाळास,

हवेच्या प्रवाहाचं सिम्युलेशन करणारं ओपनफोम चालेना म्हणून तू ते पुन्हा काढून नव्यानं टाकायला बसला आहेस, असं ताईनं सांगितलं. जरा थांब. कोराडीच्या वीजकेंद्राच्या चिमणीचा धूर वाऱ्याबरोबर कसा पसरतो ते तुला दाखवायचंय ना? मग सॉफ्टवेअर काढणं हा शेवटचा उपाय ठेव. माझ्या लॅबमध्ये जी मुलं रडकुंडीला येऊन येतात, त्यांच्यातल्या बहुतेकांचं सॉफ्टवेअर धडधाकट असतं. मशीनवर त्याच्या दोन आवृत्त्या नांदत असतात आणि टर्मिनल भलतीलाच हाक मारत असतं.

म्हणून आधी 'व्हिच -ए ब्लॉकमेश' एवढं टाईप कर; ब्लॉकमेश ही ओपनफोमचीच एक आज्ञा. दोन खरोखर वेगळ्या जागांचे पत्ते आले (उबंटूत 'यूएसआर-बिन' आणि 'बिन' ही एकच जागा) तर बहुधा दुखणं सापडलं. उबंटूच्या स्वतःच्या भांडारातून आलेलं ओपनफोम एकीकडे बसतं, ओपनफोम फाउंडेशनचं 'ऑप्ट' फोल्डरमध्ये. त्यात या घराण्याच्याही दोन शाखा आहेत. २००४ साली हे सॉफ्टवेअर सर्वांसाठी खुलं झालं, पण आज फाउंडेशन आपल्या आवृत्त्यांना ११, १२ असे साधे आकडे देतं, तर ओपनसीएफडी या दुसऱ्या शाखेची २३१२ म्हणजे २०२३च्या डिसेंबरची. एकीचं उदाहरण दुसरीवर चालेलच असं नाही. तू केस, म्हणजे तयार उदाहरण, उचललीस एका शाखेची आणि सॉफ्टवेअर टाकलंस दुसरीचं, असं तर झालं नाही ना?

तरीही काढायचंच असेल तर नीट काढ. 'ॲप्ट रिमूव्ह' प्रोग्राम काढतं, पण सिस्टीममधल्या सेटिंगच्या फायली ठेवतं. 'पर्ज' त्याही नेतं. तुझ्या होम फोल्डरला मात्र दोघंही हात लावत नाहीत. त्यामुळे टर्मिनल उघडताना वाचल्या जाणाऱ्या 'बॅशआरसी' फाईलमध्ये तू स्वतः घातलेली ओळ तशीच राहते आणि टर्मिनल उघडलं की फाईल सापडत नाही म्हणून कुरकुर सुरू. ती ओळ एडिटरमध्ये जाऊन हातानंच काढावी लागते.

आता मुख्य गोष्ट. सोर्सवरून कंपाइल केलं असेल, तर होममधल्या 'ओपनफोम' फोल्डरात बहुधा निदान दोन फोल्डर शेजारी-शेजारी असतात: एक सॉफ्टवेअरचं, दुसरं तुझ्या नावाचं. त्या दुसऱ्यातल्या 'रन'मध्ये तुझ्या केसेस आणि आलेले निकाल. पोरं वैतागून वरच्या अख्ख्या फोल्डरवर सगळं न विचारता पुसणारं 'आरएम -आरएफ' चालवतात. टर्मिनलला कचरापेटी नसते रे. गेलं ते गेलं.

'-वाय' लावून एंटर मारायची सवयही सोड. ते लावलं की ॲप्ट काय-काय काढणार, याची यादी वाचायच्या आत काम उरकतं. त्याऐवजी 'ॲप्ट-गेट -एस पर्ज' दे. ते नुसतं दाखवतं, करत काही नाही. आपण धुराचं सिम्युलेशन करतो, मग काढण्याचंही करून बघायला काय हरकत आहे? यादीत पायथन-३ दिसलं तर तिथंच हात आखड, उबंटूचा अर्धा संसार त्यावर चालतो. आणि मेमधली लाईट कशी जाते ते तुला माहीत आहेच. मध्येच बंद पडलं तर अर्धवट राहिलेलं पुरं करायला 'सुडो डीपीकेजी --कॉन्फिगर -ए' द्यायचं; त्यासाठी सगळं मुळापासून काढायची गरज नाही.

काढण्याआधी आवृत्ती, टाकण्याची पद्धत आणि तारीख लिहून ठेव, शक्यतो वहीत. उद्या नीरीत किंवा व्हीएनआयटीत कुणी तुझे आकडे पाहिले, तर आवृत्ती कोणती हे आधी विचारतील, आणि 'काढून टाकली, आठवत नाही' या उत्तराला तिथं किंमत नाही. मुंबई आयआयटीच्या फॉसी प्रकल्पात विद्यार्थ्यांनी ओपनफोमवर केलेल्या केस स्टडी आहेत, त्याही नजरेखालून घाल.

तर आज काहीच काढू नकोस. 'व्हिच'चं उत्तर आणि 'बॅशआरसी'च्या शेवटच्या ओळी मला पाठव, मग बोलू.

तुझा
मामा