फोनवरचा 'स' जातो कुठे?
फोनवर 'सार' म्हटलेले 'फार' असे तुम्हीही कधी ऐकले असेल. साधा फोन सुमारे ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढ्याच कंपनसंख्या पोहोचवतो. 'स'ची बरीच ऊर्जा ४००० हर्ट्झच्या वर असते. उरलेले आपण संदर्भाने भरून काढतो. कॉक्लिअर इम्प्लांट बसवलेल्या मुलाला हे अवघड जाते. त्याच्या कर्णशंखात सुमारे ३५०० आंतर-केशपेशींचे काम १२ ते २२ विद्युत्-अग्रे करतात. शिवाय फोनवर ओठ दिसत नाहीत.

त्याने मोबाइल कानाच्या छिद्राशी न धरता यंत्राच्या मायक्रोफोनपाशी, बहुधा कानामागे, धरावा. टेलिकॉइल चुंबकीय क्षेत्र टिपते, ब्लूटूथ रेडिओलहरी; दोन्हींनी खोलीतला गोंगाट बराच टळतो. पण फोनने गाळलेला 'स' त्यांनाही कसा मिळणार? त्यासाठी दोन्ही टोकांना ७००० हर्ट्झपर्यंतची सोय हवी. व्हिडिओ कॉलवर निदान ओठ तरी दिसतात.