आधारचा झेरॉक्स देताना



ऊस लागणीची नोंद घेताना अल्लीपूर भागात आम्ही पाहतो, मागितला की आधारचा झेरॉक्स देऊन माणूस मोकळा. २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली गावी आधारची सुरुवात झाली, तेव्हा तो ओळखीचा नंबर होता. आज आधार नंबर, बँकेचे नाव आणि अंगठा एवढ्यावर खात्यातून पैसे निघतात. उसाचे बिलही त्याच खात्यात येते. म्हणून एवढे कराच:

१) चालत असेल तिथे मास्क आधार द्या, त्यात १२ पैकी शेवटचे ४ आकडेच दिसतात.

२) झेरॉक्सवर काम व तारीख लिहून सही करा.

३) आधारच्या अॅपमधून अंगठा लॉक ठेवा, लागेल तेव्हाच उघडा.

४) ओटीपी कोणालाही सांगू नका, आमच्या माणसालासुद्धा.

पैसे गेलेच तर लगेच बँकेला आणि १९३० वर कळवा.