कातळाजवळचे घर : प्रस्तरारोहकाने शहर कसे निवडावे?

घर कोणत्या शहरात घ्यावे, हा प्रश्न मध्यमवर्गीय कुटुंबात आजवर तीन गोष्टींवर सुटत आला आहे : नोकरी, मुलांची शाळा आणि आईवडिलांसाठी जवळचे रुग्णालय. अलीकडे या तिघींच्या जोडीला एखादी चौथी गोष्टही दबक्या आवाजात मांडली जाते. कुणाला समुद्र जवळ हवा असतो, कुणाला संगीताच्या मैफली, तर कुणाला चढण्याजोगा कातळ. टोकियोच्या ऑलिंपिक स्पर्धेत, म्हणजे प्रत्यक्षात २०२१ साली, प्रस्तरारोहण प्रथमच पदकांचा खेळ झाले. कृत्रिम भिंतींवर हा खेळ शिकलेल्या तरुणांना आता खरा खडक खुणावतो आहे. त्यांपैकी काहींच्या नोकऱ्या देशात कोठेही चालण्यासारख्या आहेत. अशांनी शहर निवडताना कोणता हिशेब मांडावा, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

सर्वसामान्य चूक अशी होते की, कातळाच्या कीर्तीवरून शहर निवडले जाते. कर्नाटकातील हंपी आणि बदामी ही दोन नावे जगभरच्या आरोहकांना परिचित आहेत. अमेरिकन आरोहक ख्रिस शर्मा यांच्या हंपीतील चढाईवर २००३ साली ‘पिलग्रिमेज’ हा माहितीपट निघाला आणि तेथील शिळांचा बोलबाला झाला. बदामीचा तांबूस वालुकाश्म तर दोरावरच्या चढाईसाठी देशात अग्रगण्य मानला जातो. परंतु नोकरदार माणूस हंपीला वर्षातून किती वेळा जाणार? रात्रीची गाडी, दोन दिवसांची रजा आणि जोडीला येणारा सोबती, या तिन्हींचा मेळ वर्षातून तीन-चार वेळा जमला तरी पुष्कळ. म्हणून मोजावयाचे ते सामान्य आठवड्यातील तास. उंबरठ्यापासून कातळाच्या पायथ्यापर्यंत किती वेळ लागतो, वर्षातील किती महिने तो कातळ कोरडा आणि हात टेकवण्याइतका थंड असतो, आणि वीस वर्षांनी, म्हणजे गृहकर्जाचा शेवटचा हप्ता भरताना, तो कातळ तेथे असेल काय व त्यावर चढू दिले जाईल काय?

बंगळूरचे पारडे

या तिन्ही प्रश्नांवर बंगळूरचे पारडे जड ठरते. शहराच्या नैर्ऋत्येस सुमारे ५० किलोमीटरवर रामनगर आहे. ‘शोले’ (१९७५) चित्रपटातील गब्बरचा अड्डा ज्या टेकड्यांत होता त्या याच. हा ग्रॅनाइट सुमारे अडीचशे कोटी वर्षांपूर्वीचा असून भूशास्त्रात त्याला ‘क्लोजपेट ग्रॅनाइट’ म्हणतात. म्हैसूर दरबारातील ब्रिटिश रेसिडेंट बॅरी क्लोज यांच्या नावावरून या गावाला पूर्वी क्लोजपेट म्हणत, तेच नाव खडकाला चिकटून राहिले. शहराच्या पश्चिमेस मागडीजवळ सावनदुर्ग आहे. समुद्रसपाटीपासून १,२२६ मीटर उंचीचा हा डोंगर आशियातील सर्वांत मोठ्या एकसंध शिळांमध्ये गणला जातो. त्याच्या उतरत्या, गुळगुळीत पाठीवर दोराच्या अनेक लांबी चढून जावे लागते. तेथे हाताला धरण्यासारखे फारसे काही नसते. सारी मदार बुटाच्या रबरावर आणि मनाच्या स्थैर्यावर. दक्षिणेकडील तुरहळ्ळीच्या राखीव वनात दोराशिवाय चढावयाच्या बुटक्या शिळा आहेत. समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवर वसल्यामुळे बंगळूरचा उन्हाळाही इतर महानगरांच्या तुलनेने सौम्य असतो. एप्रिलच्या पहाटेसुद्धा तेथे चढाई होऊ शकते. आणि वर उल्लेखिलेली हंपी व बदामी रात्रीच्या प्रवासाच्या टप्प्यात येतात, हे वेगळेच.

परंतु ‘बंगळूर’ हे उत्तर अपुरे आहे. व्हाइटफील्ड पूर्वेला आणि रामनगर नैर्ऋत्येला. पूर्व भागात घर घेणाऱ्यास कातळ गाठण्यापूर्वी संपूर्ण शहर ओलांडावे लागते, आणि बंगळूरची वाहतूक ज्याने एकदा अनुभवली आहे त्याला याचा अर्थ समजावून सांगणे नको. उलट केंगेरीच्या बाजूस राहणारा सकाळी सहाला निघाला तर उन्हे वर येण्यापूर्वी दोर बांधून मोकळा होतो. आणखी एक बारकावा असा. बंगळूर-म्हैसूर द्रुतगती मार्ग २०२३ च्या मार्चमध्ये खुला झाला खरा, पण त्याच वर्षीच्या १ ऑगस्टपासून त्याच्या मुख्य मार्गिकांवर दुचाकींना मनाई करण्यात आली. पाठीवर दोर घेऊन मोटारसायकलने जाणाऱ्या तरुणाला बाजूच्या सेवारस्त्यानेच जावे लागते. म्हैसूरकडील रेल्वेने रामनगरला उतरता येते, हा पर्याय पुष्कळांच्या लक्षातच येत नाही.

तिसरा प्रश्न कायमस्वरूपी प्रवेशाचा. रामनगरच्या रामदेवर बेट्टा परिसरात लांब चोचीच्या गिधाडांची वसती आहे आणि २०१२ साली तेथील सुमारे ३४६ हेक्टर क्षेत्र अभयारण्य म्हणून घोषित झाले. तेथे आरोहकाची हौस गौण आणि पक्ष्याची वीण प्रधान, हे मान्य करूनच पुढे जावे लागते. हंपीतही असाच धडा मिळाला. नदीपलीकडील विरूपापूर गड्डी येथील पर्यटक निवासांत देशोदेशीचे आरोहक उतरत असत. वारसाक्षेत्रातील ही बांधकामे सर्वोच्च न्यायालयाच्या फेब्रुवारी २०२० मधील निकालानंतर पाडण्यात आली. शिळा जागेवर राहिल्या, पण त्यांच्याभोवतीचे जग एका महिन्यात बदलले. म्हणून एकाच कातळावर भिस्त ठेवून घर घेणे अनुचित. बंगळूरची खरी श्रीमंती अशी की, एक जागा बंद झाली तरी दुसऱ्या दोन-तीन उरतात.

हैदराबाद : अंगणातील शिळा

अंतराचाच निकष लावला तर हैदराबादची बरोबरी करणारे महानगर नाही. तेथे कातळाकडे जावे लागत नाही. तो वसाहतीतच उभा असतो. एकावर एक रचल्यासारख्या दिसणाऱ्या या शिळा कुणी रचलेल्या नाहीत. जमिनीखालील ग्रॅनाइट भेगांच्या रेषांनी झिजत गेला, सुटी माती वाहून गेली आणि गोलसर गाभे उरले. कार्यालय सुटल्यावर तासभर शिळारोहण करून जेवायला घरी, ही चैन या शहरात शक्य आहे.

मात्र ज्या कारणाने शिळा जवळ आहेत, त्याच कारणाने त्या धोक्यात आहेत. गच्चीबावलीच्या परिसरात माहिती तंत्रज्ञानाच्या इमारती उठल्या त्या बव्हंशी शिळा फोडूनच. ‘सोसायटी टू सेव्ह रॉक्स’ ही नागरिकांची संस्था १९९६ पासून या शिळांसाठी झटत असून तिच्या प्रयत्नांतून काही शिळासमूहांना वारसास्थळाचा दर्जा लाभला. २०२५ साली हैदराबाद विद्यापीठालगतच्या कांचा गच्चीबावलीतील ४०० एकर जमिनीचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, तेव्हा झाडांबरोबर तेथील शिळांचाही प्रश्न पुढे आला. येथे एक विसंगती नमूद केली पाहिजे. जो तरुण शिळा जवळ असाव्यात म्हणून येथे सदनिका घेतो, त्याचीच इमारत कदाचित एखाद्या शिळेच्या जागी उभी असते. म्हणून या शहरात घर घेताना खिडकीतून दिसणारी शिळा कोणाच्या मालकीची आहे, ती वारसायादीत आहे की खासगी भूखंडात, हे विकास आराखडा पाहून तपासावे. विक्रेत्याच्या पत्रकावरील छायाचित्र हा त्याचा पुरावा नव्हे.

सह्याद्री आणि इतर ठिकाणे

पुणे आणि मुंबईकडे येताच खडक बदलतो. दख्खनचा बेसाल्ट सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाच्या थरांनी बनला. त्यात कठीण थर आणि ठिसूळ थर आलटूनपालटून येतात, त्यामुळे हातातील पकड हातातच निघून येण्याचा प्रसंग येथे नवा नाही. शिवाय कपारींत आग्या मोहोळ असते. नागफणी, तेलबैला, लिंगाणा या कड्यांवरची चढाई म्हणजे व्यायामापेक्षा मोहीम अधिक. तिला अनुभवी नेता आणि एकमेकांना ओळखणारा संघ लागतो. असे संघ घडवण्याची परंपरा मात्र या दोन शहरांइतकी अन्यत्र क्वचित आढळेल. मुंबईची ‘गिरिविहार’ ही संस्था १९५४ सालची, तर पुण्याची ‘गिरिप्रेमी’ १९८२ ची. नवी मुंबईत २०१६ व २०१७ साली आंतरराष्ट्रीय विश्वचषक मालिकेतील स्पर्धा झाल्या. ज्याला शिकावयाचे आहे, ज्याला दोर धरणारा विश्वासू हात हवा आहे, त्याने खडकाचा दर्जा थोडा दुय्यम मानून पुण्याचा विचार जरूर करावा. अट एकच : लोणावळ्याच्या घाटमाथ्यावर वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तेव्हा जून ते सप्टेंबर हे महिने हिशेबातून वजा करावेत.

दिल्लीकरांसाठी फरिदाबादजवळचे धौज आहे. अरवलीचा क्वार्टझाइट धारदार आणि भरवशाचा. पण उन्हाळ्यात तो तापतो आणि ऐन हंगामात राजधानीची हवा बिघडते. कोलकात्याचे आरोहक हिवाळ्यात बांकुड्याचा शुशुनिया आणि पुरुलियाचा जयचंडी पहाड गाठतात. जयचंडीवर सत्यजित राय यांनी ‘हीरक राजार देशे’चे चित्रण केले होते. उत्साह मोठा, अंतरही मोठे.

घरून काम करणाऱ्यांना मनाली परिसराचा मोह पडतो. २०२० साली अटल बोगदा खुला झाल्यापासून लाहौलमधील छत्रूच्या ग्रॅनाइट शिळा मनालीला बऱ्याच जवळ आल्या. परंतु हिमाचल प्रदेशच्या १९७२ च्या कुळवहिवाट व जमीन सुधारणा अधिनियमाचे कलम ११८ असे सांगते की, त्या राज्यातील कृषक नसलेल्या व्यक्तीला शासनाच्या परवानगीवाचून जमीन घेता येत नाही. स्थानिकाच्या नावावर व्यवहार करून देण्याची तयारी दाखवणारे मध्यस्थ भेटतात. त्यांच्यापासून दूर राहावे. असा व्यवहार अवैध ठरू शकतो आणि त्याला कोणतीही बँक कर्ज देणार नाही.

हप्त्याचा हिशेब

समजा, एका दांपत्याला बंगळूरमध्ये दोन घरे पसंत आहेत. कातळाच्या बाजूचे घर दुसऱ्यापेक्षा दहा लाखांनी महाग आहे. साडेआठ टक्के व्याजदराने वीस वर्षांसाठी या वाढीव दहा लाखांचा मासिक हप्ता सुमारे ८,६७८ रुपये होतो. मुदतीअखेर मूळ दहा लाखांपोटी २० लाख ८२ हजारांहून अधिक रक्कम चुकती होते. ऑक्टोबर ते फेब्रुवारी या पाच महिन्यांत महिन्याला दोन रविवार धरले, तर वर्षाकाठी दहाच दिवस. वर्षाच्या १,०४,१३६ रुपयांना दहाने भागले की एका दिवसाची किंमत दहा हजारांवर जाते. त्या पैशांत चौघे मित्र भाड्याची मोटार करून आदल्या रात्रीच रामनगरला मुक्काम करू शकतात. याउलट दांपत्यापैकी कुणी आठवड्यातून दोनदा, वर्षभर, पहाटे तुरहळ्ळीला जाणार असेल, तर शंभर दिवस होतात आणि तीच किंमत हजार रुपयांच्या आसपास येते. घर तेच, हप्ता तोच. फरक जाणाऱ्याच्या सवयीत. हा आकडा मनाशी मांडताना गतवर्षी प्रत्यक्ष किती दिवस चढाई झाली तो धरावा, पुढील वर्षी किती होईल तो नव्हे.

सवय ठरेपर्यंत भाड्याचे घर उत्तम. अनेक राज्यांत मुद्रांक शुल्क व नोंदणी मिळून किमतीच्या सहा ते आठ टक्के खर्च होतो, आणि चुकीचे घर विकून दुसरे घेताना तो पुन्हा करावा लागतो. त्या तुलनेत एक वर्षाचे भाडे ही शिकवणीची फी समजावी. मात्र ते वर्ष पूर्ण काढावे. नोव्हेंबरच्या कोवळ्या उन्हात कोणतेही शहर राहण्याजोगे वाटते.

घराबरोबर विम्याचाही विचार व्हावा. आरोग्य विम्याच्या प्रमाणित अटींनुसार व्यावसायिक म्हणून साहसी खेळांत भाग घेताना झालेल्या दुखापतीचा उपचारखर्च वगळला जातो, आणि त्या खेळांच्या यादीत प्रस्तरारोहणाचा स्पष्ट उल्लेख आहे. हौशी आरोहक त्या वगळणीत येत नाही. परंतु मानधन घेऊन रविवारी इतरांना शिकवू लागल्यास प्रश्न निर्माण होऊ शकतो. वैयक्तिक अपघात विम्याच्या व कर्जाशी जोडलेल्या विमापत्रांच्या अटी निराळ्या असतात. गृहकर्जाच्या कागदांवर सही करण्यापूर्वी त्यांतील वगळणीचे पान मागून घ्यावे आणि छंदाची माहिती प्रस्तावपत्रात लेखी द्यावी. ती तोंडी सांगितली होती, असे दाव्याच्या वेळी म्हणून उपयोग होत नाही.